‘भूक लागली की ये,’ असं मीच म्हणाले होते

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. पाच पानी आहे, त्यामुळे मथितार्थच देते.

“ताई, मी ३६ वर्षांची, बँकेत नोकरी करते. आमच्या गेटशेजारच्या बंद मेडिकलच्या पायरीवर गेल्या पावसाळ्यापासून एक बाई बसते. पंचेचाळिशीची असावी. अंगावर एकावर एक तीन साड्या, स्वतःशीच बोलणं चालू. मी तिला मावशी म्हणायला लागले, जाता-येता पोळी-भाजी द्यायला लागले. एकदा म्हणाले, ‘भूक लागली की ये गं, तिसऱ्या मजल्यावर राहते मी.’ ती यायला लागली. आधी दुपारी, मग रात्री दहालासुद्धा. बेल वाजवतच राहायची. मिस्टर चिडले, सासूबाई धास्तावल्या. मागच्या महिन्यात माझी दुसरीतली मुलगी क्लासहून येत होती, तेव्हा जिन्यात मावशीने तिचा हात धरला आणि ‘चिमणे, चिमणे’ करत सोडेना. मी किंचाळले. वॉचमनने येऊन तिला दोन काठ्या हाणल्या. मी दिलेला स्टीलचा डबा डोक्यावर धरून ती खाली बसली. तेव्हापासून मी मागच्या गेटने रिक्षा करून जाते. ग्रुपवर सगळे म्हणतात, तुम्हीच लाडावून ठेवलंत. सेक्रेटरी पोलिसांना अर्ज देणार आहेत, बंदोबस्त करा म्हणून. एकजण म्हणाला, टेम्पोत घालून लांब सोडून येऊ. त्यात ती सारखी कोयत्याचं बोलते. ‘मी अर्धाच कोयता हाय, उचल फिटली न्हाई’, असं काहीतरी. त्यामुळे लोक जास्तच घाबरलेत. मी चुकले का? आणि आता तोंड चुकवतेय म्हणजे माझी माया खोटी होती का?”

आधी कोयत्याचं बघू, कारण त्याने तुमच्या अख्ख्या सोसायटीची झोप उडवलेली दिसते.

कोयता म्हटलं की आजकाल आपल्याला बातम्यांमधल्या गँगा आठवतात. पण ऊसतोडीच्या फडात कोयता म्हणजे माणसं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, तो या कोयत्याच्या हिशोबाने देतो. जो एकटाच तोडीला जातो, तो अर्धा कोयता. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने कारखान्यांच्या पट्ट्यात पालं ठोकून राहतात. आता ‘मी अर्धाच कोयता हाय, उचल फिटली न्हाई’ हे पुन्हा वाचा. तुमच्या ग्रुपवर ज्याला धमकी समजलं गेलं, ते बहुतेक एका बाईने सांगितलेलं स्वतःचं वर्तमान आहे: जोडीदार नाही आणि कर्ज डोक्यावर आहे.

मी ‘बहुतेक’ म्हणतेय, ते मुद्दाम. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. भ्रमात असलेल्या माणसाच्या बोलण्यात खरं, जुनं आणि भासाचं एकत्र कालवलेलं असतं. तिची कहाणी रचत बसू नका, पण ती वापरते ते शब्द, घेते ती गावांची, देवांची, माणसांची नावं जशीच्या तशी वहीत उतरवून ठेवा. ‘चिमणी’सुद्धा लिहा. ते लाडाचं नाव असेल किंवा खरंच कोणाचं तरी नाव असेल. घर सोडून भरकटलेल्या माणसाचा पत्ता लागतो तो बऱ्याचदा अशाच धाग्यावरून. सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं, त्यात कागदपत्रांनी जेवढी घरं सापडली, तेवढीच बोलीनेही सापडली. ‘न्हाई’ कुठलं आणि ‘न्हय’ कुठलं, हे ओळखणारा एखादा हवालदार भेटला तर अर्धं काम होतं.

आता तुमचा प्रश्न. चुकलात का?

पोळी दिलीत ते चुकलं नाही. मावशी म्हणालात तेही नाही. चूक त्या एका वाक्यात आहे, आणि तुम्ही ते स्वतःच पत्रात लिहिलंत म्हणजे मनातून तुम्हाला ते कळलेलंही आहे. ‘भूक लागली की ये.’ आपण हे पाहुण्यांनाही म्हणतो, ‘या की एकदा जेवायला’, आणि पाहुणा कधीच येत नाही, कारण त्याला आपल्या बोलण्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं ते ठाऊक असतं. मावशीने शब्द जसाच्या तसा धरला. तिला रात्री दहाला भूक लागली, ती रात्री दहाला आली. तुम्ही मजलाही सांगितला होता. ग्रुपवर म्हणताहेत तसा लाड वगैरे काही नाही. तिने तुमचं आमंत्रण पाळलं.

हा धडा मी फार वाईट रीतीने शिकले. नोकरीची पहिली-दुसरी वर्षं असतील. एसटी स्टँडच्या बाहेर एक म्हातारे आजोबा असायचे, पायाला जखम, त्यात किडे. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलत होते, मलमपट्टीला चला म्हणून. तिसऱ्या दिवशी निघताना सहज म्हणाले, “इथंच थांबा हं, उद्या येते.” घरी आईला ताप आला आणि मी आठ दिवस फिरकलेच नाही. नवव्या दिवशी गेले तर चहावाला म्हणाला, “बाई, म्हातारा पावसातसुद्धा हलला नाय. शेडमध्ये ये म्हटलं तर म्हणतो, बाईंनी इथंच थांबायला सांगितलंय.” आजोबांना निमोनिया झाला होता. वाचले. पण त्यानंतर मी ‘उद्या’ हा शब्द फार जपून वापरते. आजही नातवंडांना वैताग येतो, आजी कधी नक्की सांगत नाही म्हणून.

तुमच्या मिस्टरांची चिडचिड मला अजिबात निर्दयी वाटत नाही. घर त्यांचंही आहे, सासूबाईंचंही आहे, मुलीचं तर सगळ्यात जास्त. तुम्ही दयेपोटी जे दार उघडलंत, ते चौघांचं दार होतं आणि विचारलंत कोणालाच नाही. दार घराचंच राहू द्या. मावशीसाठी पायरी आहे.

मुंबईत १९८८ साली डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ नवरा-बायकोला रस्त्याकडेला एक तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेलं. औषधोपचारांनी माणूस भानावर आला, तेव्हा कळलं की तो आंध्र प्रदेशातला पदवीधर आहे. त्यातून श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली, पुढे कर्जतला केंद्र झालं, २०१८ साली डॉक्टरांना मॅगसेसे मिळालं. ही गोष्ट ऐकली की भल्या माणसांना वाटतं, आपणही घरी आणावं. पण त्या दोघांकडे स्वतःचा दवाखाना होता, औषधं होती, शिक्षण होतं. तुमच्याकडे बँकेची नोकरी, दुसरीतली मुलगी आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. तुम्ही पायरीवर नेऊन दिलेली पोळी कमी प्रतीची ठरत नाही त्यामुळे.

तर आता करायचं काय. वेळ ठरवा, जागा ठरवा. सकाळी बँकेत जाताना, मेडिकलच्या पायरीपाशी, एवढंच. डबा नको, कागदात बांधून द्या. आठवड्यातले सहा दिवस जमत नसेल तर तीन दिवस द्या, पण तेच तीन. शेजारच्या विंगमधली एखादी मैत्रीण तयार झाली तर उरलेले तिला द्या. पैसे देऊ नका, ते रात्री तिच्याकडून कोणीतरी हिसकावणार. जाल तेव्हा अगदी समोर, अंगावर आल्यासारखं उभं राहू नका. दीड-दोन हात अंतर ठेवून जरा तिरपं उभं राहायचं आणि तुमच्या मागे मोकळी वाट असू द्यायची. वाक्यं छोटी, आवाज सपाट. ती हवेतल्या कोणाशी भांडत असली तर ‘तिथं कोणी नाही’ म्हणून वाद घालू नका, आणि ‘हो, मलाही दिसतंय’ असंही म्हणू नका. ‘तुम्हाला त्रास होतोय ना, पोळी खाऊन घ्या’, पुरे झालं. फारच बिनसलेली दिसली, हातात दगड असला, तर त्या दिवशी पोळी कट्ट्यावर ठेवून निघायचं किंवा न ठेवताही निघायचं. आजचा नेम मोडला म्हणून पाप लागत नाही.

पुन्हा जिना चढून आलीच, तर दार लावूनच ठेवा. सेफ्टी डोअरच्या जाळीतून एकच वाक्य, रोज तेच: “इथं नाही मावशी, सकाळी खाली.” आणि काहीही द्यायचं नाही. बिस्किटसुद्धा नाही. हे तुम्हाला जड जाईल, मला माहितेय. पण दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा पार्ले-जी सरकवलंत, तर बेल अकरा वेळा वाजवायची असते एवढंच तिला कळणार.

त्या तीन साड्यांचंही सांगते. माणसं विचारतात, ऐन उन्हाळ्यात एवढे कपडे का? कधी ते आजारातलं भान सुटणं असतं. कधी साधा हिशोब असतो: काढून ठेवलं तर चोरीला जाईल. आणि बाईमाणूस असेल तर रात्र असते. एकावर एक नेसलेली साडी सोडायला वेळ लागतो. यापुढे मी लिहीत नाही, तुम्ही समजून घ्याल. मनोरुग्ण माणूस हल्ला करेल म्हणून आपण घाबरतो, पण त्याने हल्ला करण्यापेक्षा त्याच्यावर हल्ला होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तुमच्या जिन्यातही काठ्या तिलाच बसल्या.

म्हणून फक्त पोळीवर थांबू नका. पोळीने ती जगेल, पण तिला उपचार हवेत, आणि ते मागायला तुमच्या हातात कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्यातलं १०० क्रमांकाचं कलम सांगतं की, आपल्या हद्दीत भरकटणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण वाटणारी व्यक्ती आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं. कोठडीत डांबायचं नाही, कुठल्याच परिस्थितीत नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही पोलिसांचंच काम. दाखल करण्याची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले, तर बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोचवायचं. आणि बेघर, निराधार मनोरुग्णाला सरकारी उपचार मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे.

तुमचे सेक्रेटरी अर्ज देणारच आहेत ना? मग तो अर्ज तुम्ही लिहा. त्यांना बरंच वाटेल, सेक्रेटरींना लिहायचा कंटाळाच असतो. ‘बंदोबस्त करावा’ हे शब्द काढून टाका. बंदोबस्त म्हणजे पोलीस काय समजतील? हद्दीबाहेर हाकला. नाहीतर भीक प्रतिबंधक कायद्याखाली भिक्षेकरी गृह. त्याऐवजी लिहा: ‘मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०० अन्वये सदर महिलेस संरक्षणात घेऊन वैद्यकीय तपासणीस न्यावे, ही विनंती.’ कधीपासून दिसते, कुठे बसते, काय दिसतं ते साध्या शब्दांत लिहा. ‘वेडसर’, ‘उपद्रवी’ नको. जिन्यातला प्रसंग लपवू नका, आहे तसा लिहा, काठ्यांसकट. ‘अर्धा कोयता, उचल’ हे तिचेच शब्द अवतरणात घाला आणि ऊसतोड टोळीतली असण्याची शक्यता आहे, बीडकडच्या ठाण्यांत मिसिंग तपासावं, असं सुचवा. नेताना महिला पोलीस सोबत असावी अशी विनंती करा. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे ठाण्यात जाऊन पाणी पिऊन आल्यासारखं.

पोलीस टाळाटाळ करतील का? करू शकतात. गाडी नाही, महिला कर्मचारी नाही, रुग्णालयात घेत नाहीत, असं सांगतील. त्यांच्यावर नुसतं तोंडसुख घेऊ नका, या अडचणी बऱ्याचदा खऱ्या असतात. अख्ख्या महाराष्ट्रासाठी मुख्य प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. (आणि या नावांचा आपण विनोद करून ठेवलाय, ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला भरती करा’. गरज पडते तेव्हा तिथली पायरी चढायला लाज वाटते, ती या विनोदांमुळेच.) आठवड्याने पोच दाखवून पुन्हा विचारा. तरी हललं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथली मदत मनोरुग्णांना फुकट असते, आणि न्यायदंडाधिकारीही अशा व्यक्तीला तपासणीसाठी पाठवण्याचा आदेश देऊ शकतात. तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलायचं असेल, मावशीशी वागायचं कसं किंवा तुमची उडालेली झोप, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो. तातडीचं काही घडलं तर ११२.

टेम्पोवाल्या सद्गृहस्थांना माझा निरोप द्या. मावशी बीडकडची असेल तर ती डोंबिवलीत पोचली कशी, याचा त्यांनी जरा विचार करावा. काही चुकून गाडीत बसतात, आणि काहींना कुठल्यातरी गावाने असंच टेम्पोत घालून ‘लांब’ सोडलेलं असतं. आपलं लांब म्हणजे दुसऱ्या कोणाचं गेट.

सासूबाई कुठल्याशा मठाचं नाव सुचवताहेत, असं तुम्ही चौथ्या पानावर लिहिलंय. नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, बांधून ठेवतात का, हे तीन प्रश्न आधी विचारा. तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका मनोरुग्णांच्या आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. त्यांना तिथे नेऊन सोडणारेही घरचेच होते, श्रद्धेने सोडलं होतं. आणि ग्रुपवरच्या त्या केमिस्टचा सल्ला, चहातून झोपेची गोळी द्यायचा, तो कृपा करून कोणी अंमलात आणू नये. कसली गोळी, किती, तिला आधी कसला आजार, काही माहीत नसताना रस्त्यावर एकट्या बाईला गुंगी आणायची? मला हे वाचूनच घाम फुटला.

हे सगळं केलंत तरी सरळ होईलच असं नाही. तपासणीला नेतील आणि चार दिवसांनी ती पुन्हा त्याच पायरीवर दिसेल, असं होतं. औषधं लागू पडायला आठवडे जातात, बरी झाल्यावर घर सापडायला महिने. सापडलेल्या घराला ती नको असते, असंही मी पाहिलंय. आणि पाच वर्षांपूर्वी जिचं दिवसपाणी केलं ती दारात उभी राहिल्यावर गाव जमा झालेलंही पाहिलंय. यातलं मावशीच्या वाट्याला काय येईल ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात तो अर्ज आणि सकाळची पोळी.

मुलीशी बोललात का? पत्रात तिच्याबद्दल फक्त ‘गप्प गप्प असते’ एवढंच आहे. तिला सांगा, की मावशीच्या डोक्याला आजार आहे, जसा आजीच्या गुडघ्याला आहे. त्या आजारात माणसाला कधीकधी समोरचं वेगळंच दिसतं. तिने हात धरला तेव्हा तू घाबरलीस ते बरोबरच होतं. पुन्हा कोणीही असा हात धरला, मग ती मावशी असो की ओळखीचे काका, तर जोरात ओरडायचं. आणि पोळी द्यायला मुलीला पाठवू नका. चांगले संस्कार घडवायचे इतर मार्ग आहेत. तिने त्या काठ्या पाहिल्यात. त्याबद्दल ती विचारेल किंवा विचारणार नाही, पण तुम्ही आपणहून काढा. ‘काकांनी मारायला नको होतं, आणि मी त्यांना थांबवायला हवं होतं,’ एवढं म्हणता आलं तर म्हणा.

वॉचमनशीही बोला, पण चारचौघांत नको. त्याने ताईंचं लेकरू वाचवलं अशीच त्याची समजूत आहे, आणि तुम्ही किंचाळलात तेव्हा दुसरं करायचं काय हे त्याला कोणीच शिकवलेलं नव्हतं. गेट लावून घे, मला फोन कर, काठी टेकवायला ठेव.

मागचं गेट आणखी थोडे दिवस वापरलंत तरी चालेल. मग एका सकाळी पुढच्या गेटने निघा, रस्त्याच्या पलीकडून चाला, ती कशी आहे ते बघा. ती तुम्हाला ओळखेल, कदाचित ओरडेलही. त्या दिवशी पोळी दिली नाहीत तरी चालेल.

शेवटचं, गाठोड्याचं. पोलीस न्यायला येतील तेव्हा तिथे थांबा. तिचं गाठोडं घाण म्हणून तिथेच टाकून देतात, आणि एखाद्या वेळी त्यातच रेशनकार्डाचा तुकडा, फोटो, मुकादमाची चिठ्ठी असते. शिवाय ते सोडून जायचं म्हटलं की ती गाडीत बसणारच नाही. गाठोडं तिच्याबरोबर गेलं पाहिजे असा आग्रह धरा आणि आत काय काय आहे त्याची यादी करायला सांगा. त्या यादीत स्टीलचा डबाही लिहा, तिचा म्हणून.